अर्धं घमेलं मुरूम

एकोणतीस वर्षं धुळ्याच्या पाटबंधारे कचेरीत
दुसऱ्यांनी आखलेले कालवे
मी मेणकापडावर उतरवून घेतले.
शाईच्या एका रेघेत तेरा गावं भिजायची.
हात थरथरला की साहेब म्हणायचे,
"ताई, इथं पाणी अडखळेल."

म्हणून बाग करायची ठरली
तेव्हा रोपं नाही, आधी कागद आणला.
पांझरेच्या काठाला, फडाच्या शेपटाशी,
अडीच गुंठे. माझे.

पश्चिमेला तीन कडुनिंब, चौदा-चौदा फुटांवर,
वैशाखाची दुपार बाहेरच थोपवायला.
उत्तरेला काळ्या दगडाची कमरेइतकी भिंत.
फाटकापासून विहिरीपर्यंत एकच वाट,
पट्टीनं मारलेली.
आणि या सगळ्याला तिरका कापत जाणारा पाट,
कोणी खणला कुणाला ठाऊक नाही,
हलवायचा म्हटलं तर गाव भांडायला येईल.

धुडकू अप्पा, जन्मभर पाटकरी,
त्यानं माझा नकाशा उलटा धरून बराच वेळ पाहिला.
"पहिले पानीले येऊ दे.
ते कोठे थांबस ते देख. मंग तुनी रेघ मार."
मला राग आला.
तरी थांबले.

पाळी आली रात्री अडीचला.
बॅटरीच्या उजेडात आधी फेस आला,
मग काड्या, कपाशीची रिकामी बोंडं,
कुणाची तरी एक चप्पल,
आणि मग पाणी.
ते विहिरीकडे सरळ गेलं नाही.
शेवग्याला वळसा घालून, जरा विचार करून, गेलं.
सकाळी मी वाट खोडली.
खोडरबराचा भुगा ओटीभर निघाला.

आता कडुनिंब घरापेक्षा उंच झालेत.
पाहुणे फाटकाशीच म्हणतात, वा, आखीव आहे.
आहेच.
पण पौषात सव्वाआठला
शेवग्यातून ऊन येतं आणि भिंतीवरचं शेवाळ पेटतं,
चहा निवेपर्यंत.
मग नुसती भिंत.
वेचणीच्या दिवसांत ट्रॅक्टरवरून उडालेला कापूस
डाळिंबाच्या काट्यांत अडकतो;
शिंजीर येते, चोचभर नेते,
आपण चष्मा शोधेपर्यंत संपलेलं असतं.

विहिरीजवळ तिसऱ्या दगडापाशी
ओल्या मातीत माझीच टाच रुतली होती.
तिथं पाळीनंतर तळहाताएवढं पाणी राहायचं.
रज्जाक मिस्त्रीला ते सहन होईना.
"बाई, लेव्हल चुकली."
मलाही सहन होईना, माझा सगळा जन्म लेव्हलचा.
म्हटलं, बुजवा.
तो अर्धं घमेलं मुरूम घेऊन आला, वाकला,
आणि तसाच राहिला.
चिखलात सात-आठ पिवळी फुलपाखरं,
पंख मिटलेली,
सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला,
पाकिटावर चिकटवलेल्या तिकिटांसारखी.
घमेलं खांद्यावर, मिस्त्रीची मान तिरकी,
मला शिंक आलेली, ती मी दाबून धरलेली.
किती वेळ, ते मोजायला हवं होतं.

दुपारी खड्डा वाळला. कुरूप दिसत होता.
रविवारी त्यात वन्संचा पाय मुरगळला,
त्या अजून बोलत नाहीत.

संध्याकाळी नकाशा काढला, खड्डा नोंदवायला.
एकास शंभर प्रमाणात
खड्डा म्हणजे पेन्सिलीचा एक ठिपका,
फुलपाखरं म्हणजे काहीच नाही.
ठिपका दिला. पुसला.
कडुनिंबांवरून मात्र शाई पुन्हा फिरवली,
जाड, न थरथरता.

पुढची पाळी गुरुवारी.
मुरूम मिस्त्रीनं फाटकापाशी ओतलाय,
अर्ध्या घमेल्याचा ढीग, कुठल्याच कागदावर नसलेला.
त्यावर घोळ उगवलीय.